खलनायक जेवायला बोलावतो तेव्हा

मुलांनो, एक सांगा बघू. तुम्ही आणि तुमचे चार मित्र रात्रीच्या वेळी डोंगर चढताय. कमरेला तलवारी आहेत, हातात मशाल आहे. वर एक काळाकभिन्न वाडा दिसतोय. त्या वाड्यात राहणाऱ्या दुष्ट सरदाराला धडा शिकवायचा म्हणूनच तुम्ही निघालात. धापा टाकत दारापाशी पोचता, आणि तोच सरदार स्वतः दार उघडतो. हसतो आणि म्हणतो, "या, या! दमला असाल. पानं वाढलीच आहेत."

आता काय कराल? तलवार उपसाल, की हात धुवून पानावर बसाल?

आमची शनिवारची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर व्हरांड्यात सतरंजी टाकून मी हा प्रश्न पाच मुलांना विचारला. दोघं म्हणाले, "मारू." एक जण म्हणाला, "बाई, आधी जेवू, मग मारू." आणि चौथीतला एक पठ्ठ्या म्हणाला, "आमच्या ताटातला पहिला घास त्यालाच खायला लावू. त्याने खाल्ला तरच आम्ही खाऊ."

बघा! हे उत्तर मी कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. या खेळाची खरी मजा इथेच आहे.

हा खेळ आहे तरी कोणता? याला पट लागत नाही, सोंगट्याही लागत नाहीत. लागतात चार-पाच डोकी, कागद, पेन्सिली आणि फासे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन खेळवेड्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून बाहेर आणला. डंजन म्हणजे किल्ल्याखालची अंधारी तळघरं, आणि ड्रॅगन तर तुम्हांला ठाऊकच आहे, आग ओकणारा! या खेळात प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो बाकीचं सगळं जग होतो. "समोर दोन दरवाजे आहेत. डावीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय. काय करता?" असं तो विचारतो. गावकरी तोच, वाघ तोच, वादळही तोच आणि खलनायकही तोच. त्याला इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो.

एखादी गोष्ट जमेल की नाही याची खात्री नसेल तर फासा टाकायचा. मूळ खेळातला मुख्य फासा असतो वीस बाजूंचा. तो आमच्याकडे कुठला? आम्ही १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. एक काढायची, आकडा बघायचा, परत डब्यात टाकायची. (परत टाकायला विसरू नका हं, नाहीतर सगळं गणित बिघडतं!) ११ किंवा त्यापुढचा आकडा आला की काम फत्ते. वीसपैकी दहा आकडे, म्हणजे निम्मी संधी. सापशिडीचे दोन फासे टाकले तर चालेल का, असं एका पालकांनी विचारलं. चालेल, पण हिशेब बदलेल. दोन फाशांवर ७ ही बेरीज सहा प्रकारे येते आणि २ मात्र एकाच प्रकारे. घरी मांडून बघा.

आता माझी फजिती ऐका. माझा पहिला खलनायक होता एक राक्षस. मी आदल्या रात्री जागून त्याचं वर्णन लिहिलं. शिंगं, सुळे, डोळ्यांतून अंगार, सगळं! त्याच्या जिवाचे वीस गुण ठेवले, एका घावाला चार गुण कमी. शनिवारी मोठ्या आवाजात गर्जना केली. मुलांनी चिठ्ठ्या काढल्या. दुसऱ्या फेरीत राक्षस आडवा! "बाई, झालं? आता दुसरा आणा ना," मुलं म्हणाली. जणू गोळ्यांचा पुडाच संपला होता!

घरी जाऊन हिशेब केला तेव्हा माझीच मला गंमत वाटली. मुलं पाच. निम्म्या वेळा नेम लागला तरी एका फेरीत अडीच घाव. अडीच चोक दहा. वीस गुणांचा राक्षस दोन फेऱ्यांपलीकडे टिकणारच कसा? पाच जणांच्या पाच पाळ्या होतात तेव्हा त्याची बिचाऱ्याची एक पाळी. खेळ बनवणाऱ्यांनाही ही अडचण आलेली आहे. म्हणूनच २०१४ साली निघालेल्या नियमांत मोठ्या खलनायकांना एक सवलत दिली. दुसऱ्या कुणाची पाळी संपली की मध्येच एखादी छोटी हालचाल करायची, अशा साधारण तीन हालचाली प्रत्येक फेरीत. एकटा असूनही तो मग एकटा वाटत नाही.

पण मी काय केलं? पुढच्या शनिवारी राक्षसाला असा बळकट केला की कुणाचा घावच लागेना. १८ आला, १९ आला, तरी मी आपली "नाही लागला" म्हणतेय. पंधरा मिनिटांनी एकाने चिठ्ठी डब्यात टाकून दिली आणि म्हणाला, "मग आम्ही चिठ्ठ्या काढतोय कशाला?"

खरंच की! जो हरूच शकत नाही त्याच्याशी कुणी का खेळावं?

मग मी शोधायला लागले की लोकांच्या लक्षात राहिलेले या खेळातले खलनायक कोण, आणि का. एक नाव सारखं समोर येत होतं, ते म्हणजे सरदार स्ट्राड. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवराबायकोंनी लिहिलेल्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसकथेतला हा खलनायक. त्याच्या जन्माची गोष्ट मोठी मजेची आहे. ट्रेसी हिकमन एकदा मित्राकडे खेळत असताना तळघरातल्या एका खोलीत अचानक रक्त पिणारं पिशाच्च भेटलं. का, कशासाठी, काही नाही. खोली उघडली की पिशाच्च! हिकमन यांना प्रश्न पडला, अरे, तू इथे करतोयस तरी काय?

मुलांनो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. माझ्या शिंगवाल्या राक्षसाला तो कुणी विचारला असता तर त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. तो तिथे होता कारण बाईंनी त्याला तिथे ठेवला होता.

स्ट्राडकडे उत्तर आहे. त्याने ते खोरं लढून जिंकलं. आयुष्य लढायांत गेलं. मग एका मुलीवर त्याचं मन बसलं, पण तिला आवडायचा त्याचा धाकटा भाऊ. लग्नाच्या दिवशी स्ट्राडने सख्ख्या भावाला मारलं आणि मृत्यूशी करार केला. ती मुलगी मात्र त्याच्या हाती लागली नाही. तिने गडावरून उडी घेतली. तेव्हापासून तो अमर आहे आणि आपल्याच खोऱ्यात कैदी आहे. खोऱ्याभोवती कायम धुकं. तीच मुलगी पुन्हा जन्म घेऊन येते असं त्याला वाटतं, आणि तो तिला शोधत राहतो. गंमत अशी, की आपल्यावर अन्याय झालाय असंच तो समजतो! असा माणूस चांगला मुळीच नाही. पण तो काय बोलेल, कशाने चिडेल, कशाने गप्प होईल, हे सूत्रधाराला लगेच सुचतं.

आणखी एक. तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही. सुरुवातीपासून मध्ये मध्ये येतो, दोन शब्द बोलतो, एखादा वार करतो, निघून जातो. २०१६ साली ही कथा 'कर्स ऑफ स्ट्राड' या नावाने नव्याने निघाली. तिच्यात तर तो नायकांना जेवणाचं आमंत्रण धाडतो. मेजावर पक्वान्नं मांडलेली, यजमान ऑर्गन वाजवत बसलेला. माझ्या जेवणाच्या पानांची कल्पना कुठून आली ते कळलं ना आता?

खरं सांगायचं तर हे मला परदेशी पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी सिंधुदुर्गातली. लहानपणी देवळापुढे रात्र रात्र दशावतार बघितलाय. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नाटक सुरू होण्याआधी कथानक ठरतं, आणि पुढचं सगळं रंगमंचावर उभ्या उभ्या सुचेल तसं. सुरुवातीच्या भागातला संकासुर आठवतो? काळे कपडे, लांब लाल जीभ. वेद पळवणारा असुर तो, पण मालवणीत काय गप्पा मारतो! लोकांना पोट धरून हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. तो मेला की मला लहानपणी थोडं वाईटच वाटायचं. बोलल्यामुळे त्याची ओळख झालेली असायची ना!

तर मग मी नवा खलनायक केला. शिंगं नाहीत, सुळे नाहीत. डोंगरावरच्या गढीतला एक सरदार. खोऱ्यातल्या एकुलत्या एका तळ्याला त्याने फाटक घातलंय आणि किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्यात. गावोगावी मापाने पाणी देतो. का? तो म्हणतो, "मी फाटक घालण्याआधी पाण्यापायी तुमची गावं एकमेकांची डोकी फोडत होती. आता भांडणं नाहीत. उपकार माना!" आणि हे खोटंही नव्हतं. तेच तर अवघड होतं.

त्याच्यासाठी मी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. मुलं ऐकायला पुढे सरकली. हातात आमच्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला. सरदार जवळ आला की आधी फक्त किल्ल्या वाजवायच्या, बाकी काही बोलायचं नाही. पहिल्यांदा वाजवल्या तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्यांदा वाजवल्या तेव्हा सतरंजीवर चिडीचूप! पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक सहज किल्ल्या हलवत वर्गावरून गेले, तर पाच जण दचकून उभे राहिले. सरांना वाटलं, काय शिस्त आहे!

त्या दिवशी सरदाराने मुलांना पानावर बसवलं, पहिला घास स्वतः खाऊन दाखवला आणि मग म्हणाला, "तुमच्या गावाला आजपासून दुप्पट पाणी. फक्त पलीकडच्या गावाचं फाटक तुम्ही सांभाळायचं." झालं! मुलांमध्ये जुंपली. एक म्हणतो घेऊ, गावाचं भलं होईल. दुसरा म्हणतो, आणि पलीकडच्या गावाचं काय? वीस मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. नुसती किल्ल्या हातात घेऊन बसले होते. एकही चिठ्ठी न काढता गेलेली ती वीस मिनिटं मुलं अजून सांगत असतात.

आता पुढचं सांगायला मला थोडी लाज वाटते. पण सांगते, कारण तुम्हीही कधी सूत्रधार व्हाल.

इतकं छान जमल्यावर माझ्या डोक्यात हवा गेली. पुढच्या शनिवारी सरदार पुन्हा आला. एका मुलीने त्याला अडवलं. तिचं नाव सांगत नाही, तिने सांगू नका म्हटलंय. सरदाराने तिला खिजवायचं होतं. आणि मी त्याच्या आवाजात बोलून गेले, "तू मला अडवणार? तुला तर सातचा पाढासुद्धा येत नाही!"

सकाळीच वर्गात ती सातच्या पाढ्याला अडली होती.

सगळे खो खो हसले. ती हसली नाही. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन बसली. सरदार बोलला होता तिच्या योद्ध्याशी, पण शब्द लागले तिला. आणि लागणारच! कारण तो पाढा सरदाराला कुठून ठाऊक? तो बाईंना ठाऊक होता. मी वर्गात ऐकलेली गोष्ट खलनायकाच्या हातात शस्त्र म्हणून दिली होती.

मी खेळ तिथेच थांबवला. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, कारण बोलले होतेही सगळ्यांसमोर. संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "बाई, खेळच तो, एवढं काय?" पण ती मुलगी दारामागून बघत होती, आणि तिच्यासाठी तो नुसता खेळ राहिला नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे दोन गोष्टी आल्या. एक, सरदाराचा फेटा. माझी जुनी ओढणीच आहे ती. डोक्याला गुंडाळली की मी सरदार, काढली की बाई. फेटा असताना सरदाराला फक्त गोष्टीतलं माहीत असतं. कुणाचे मार्क, कुणाचं घर, कुणाचा रंग, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे फुलीची चिठ्ठी. सतरंजीच्या मधोमध एक कागद, त्यावर मोठी फुली. कुणालाही एखादी गोष्ट नकोशी वाटली की त्याने त्या कागदावर बोट ठेवायचं. का, ते विचारायचं नाही. मी ती गोष्ट वगळते आणि पुढे जाते. ही युक्ती माझी नव्हे, परदेशात बरेच खेळणारे ती वापरतात. मला वाटलं होतं, मुलं उगीचच बोट ठेवत सुटतील. आतापर्यंत तीनदा ठेवलंय. एकदा सापासाठी, एकदा अंधाऱ्या विहिरीसाठी. तिसऱ्यांदा कशासाठी ते मी विचारलेलं नाही.

पालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाला बऱ्याच पालकांचा कडाडून विरोध होता. मुलं भुताखेतांच्या नादी लागतील, असं त्यांना वाटे. मला भुतांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती फेटा घातलेल्या मोठ्या माणसाची. म्हणून तुम्ही घरी सूत्रधार झालात तर आधी स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेवा, आणि पोरांनी खलनायकाला हरवलं तर मनापासून हरा. मुलांना लगेच कळतं हो, तुम्ही खरे हरलात की मुद्दाम!

ती मुलगी दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली, फुलीच्या कागदाशेजारी बसली. सरदाराशी शेवटची गाठ होती. मी जय्यत तयारीत होते. तो गढीच्या बुरुजावरून पळायला कुठली वाट धरेल, पाच जणांपुढे त्याला मध्ये मध्ये कुठल्या हालचाली करता येतील, सगळं लिहून आणलं होतं. फेटा बांधला, किल्ल्या वाजवल्या. "पुन्हा आलात? भांडणं हवीत का तुम्हांला?"

मुलं तलवारी उपसायच्या बेतात होती. ती म्हणाली, "थांबा रे." मग माझ्याकडे, म्हणजे सरदाराकडे बघून तिने विचारलं, "तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

मी गप्प. माझ्या सगळ्या कागदांत याचं उत्तर नव्हतं. सरदाराला काय हवंय ते मी ठरवलं होतं, तो का चिडतो तेही ठरवलं होतं, पण त्याच्या घरात पाणी कोण भरतं हे काही मला सुचलेलं नव्हतं. मुलं वाट बघत होती. मग माझ्या तोंडून हळूच निघालं, "माझी म्हातारी आई."

"मग तिलाही मापानेच देता का?"

चिठ्ठी काढायला मीच डबा पुढे केला. म्हटलं, ११ च्या वर आला तर सरदाराला उत्तर देता येणार नाही. तिने डोळे मिटून हात घातला. १४!

सरदाराने जुडगा सतरंजीवर ठेवला आणि मागच्या जिन्याने अंधारात निघून गेला. एकही वार झाला नाही. मुलं क्षणभर बघतच राहिली, मग अशी ओरडली की शिपाईकाका धावत आले. मी फेटा सोडला. किल्ल्या मात्र तिने उचलल्या होत्या. "बाई, या आता आमच्या," ती म्हणाली. मला कपाट उघडायचं होतं, तर तिची परवानगी काढावी लागली!

आता मुलं रोज विचारतात, सरदार परत येणार का? मी काही सांगत नाही. परवा जिन्याखाली एक चिठ्ठी मात्र ठेवून आले. जेवणाचंच आमंत्रण आहे, पण या वेळी सरदाराकडून नाही. त्याच्या आईकडून.